सिकलसेलचं कार्ड, लग्न आणि जनुकीय तपासणी : रिपोर्ट नेमका कोणाचा?

धानाची_पेंडी
१४ डिसेंबर, रात्री ९.४०

आमच्याकडे भंडारा-गोंदिया पट्ट्यात सध्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा सप्ताह सुरू आहे, दरवर्षी ११ ते १७ डिसेंबर असतो, शाळा, आश्रमशाळा, ग्रामपंचायत, जिथे बघावं तिथे बोट टोचणं चाललंय. चांगलंच आहे. पण या सगळ्यात एका गोष्टीवर कोणी बोलत नाही म्हणून धागा काढतेय, जरा लांब होईल.

आधीच सांगते, मी तपासणीच्या विरोधात नाही. माझ्या मावसभावाला एसएस आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडूनही सिकलचं जनुक आलेलं, प्रत्यक्ष आजार. ज्यांच्या घरी एसएसचं माणूस नाही त्यांना क्रायसिस काय असतो ते सांगून कळत नाही. जरा गारठा लागला, पाणी कमी पोटात गेलं, शाळेत धावाधाव झाली की रात्री पोटऱ्या आणि पाठ धरते, मग पोरगं रडायचंही बंद होतं, नुसतं दात आवळून पडून राहतं आणि मावशी रात्रभर शेकायच्या पिशवीतलं पाणी बदलत बसते. हायड्रॉक्सीयुरिया सुरू झाल्यापासून पुष्कळ फरक आहे, गोळी वेळेवर मिळाली तर. तेव्हा हे दुखणं पुढच्या लेकरांच्या वाट्याला येऊ नये असं आम्हाला सगळ्यात जास्त वाटतं.

आता मुद्दा. माझ्या मामेबहिणीचं लग्न जुळलं होतं, साक्षगंधाची तारीख निघाली होती. त्याच सुमारास गावात शिबिर झालं, तिने रक्त दिलं आणि एएस पॅटर्न निघाला. म्हणजे सिकलचं जनुक एकाच बाजूने आलेलं, ती नुसती वाहक, तिला स्वतःला कसलाच त्रास नाही. पण रिपोर्ट तिच्या हातात पडायच्या आधी गावाला कळला, कारण पॉझिटिव्ह आलेल्यांची नावं वऱ्हांड्यात उभं राहून मोठ्याने वाचली, पुढच्या तपासणीला या म्हणून. तिथे मुलाकडचे नातेवाईक हजर होते. लग्न मोडलं. मुलाने स्वतःचं रक्त तपासलंच नाही! तो एए, म्हणजे सिकलचं जनुक नसलेला, असता तर त्यांच्या एकाही लेकराला एसएस होण्याचा प्रश्नच नव्हता, हे सांगायला कोणी गेलं नाही आणि गेलं असतं तरी तोवर उशीर झाला होता. आता तिच्या धाकट्या बहिणीलाही स्थळं येत नाहीत, तिचा रिपोर्ट नॉर्मल असूनही. "त्यांच्या घरात आहे" एवढं पुरतं लोकांना.

रक्त एका माणसाचं घेतात पण कळतं सगळ्या घरादाराचं. ती एएस आहे म्हणजे मामा किंवा मामी दोघांपैकी निदान एकाकडे ते आहे, म्हणजे त्यांच्या भावंडांकडेही असू शकतं, त्या कोणालाही न विचारता त्यांच्याबद्दलची माहिती वऱ्हांड्यात वाचून झाली. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेलचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा असं उद्दिष्ट आहे. एवढं मोठं काम हाती घेतलंय तर समुपदेशन आणि गुप्तता तपासणीच्या आधी यायला पाहिजे, नंतर जमलं तर बघू असं नको. नाहीतर तपासणीचा निकाल लिहिलेलं कार्ड दोघांना मिळेल आणि बघितलं जाईल ते फक्त मुलीचं. तुमच्या भागात काय चाललंय ते लिहा.

---

तर्कनिष्ठ_पुणे
१४ डिसेंबर, रात्री १०.१५

वाईट झालं बहिणीचं. पण उपाय सरळ आहे, सक्ती करा. विवाह नोंदणीला दोघांचाही रिपोर्ट जोडणं कंपल्सरी, म्हणजे मुलीचं एकटीचं कार्ड बघण्याचा प्रश्नच मिटला. सायप्रसने थॅलेसेमिया (असाच रक्ताचा आनुवंशिक आजार) असाच आटोक्यात आणला, चर्चमध्ये लग्न लावायला तपासणीचा दाखला लागतो तिथे, आणि आता थॅलेसेमिया मेजरची, म्हणजे गंभीर प्रकाराची, मुलं जन्माला येणं जवळजवळ थांबलंय. आपल्याकडे सगळं ऐच्छिक ठेवलं तर १०० वर्षं लागतील.

---

लॅबवाला_चंद्रपूर
१४ डिसेंबर, रात्री ११.०२

मी लॅबमध्ये काम करतो म्हणून टेक्निकल भाग क्लिअर करतो, कारण अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

शिबिरात बहुतेक ठिकाणी आधी सोल्युबिलिटी टेस्ट होते. ती स्वस्त आणि झटपट, बोट टोचून दोन थेंब घेतले, द्रावणात टाकले, गढूळ झालं की पॉझिटिव्ह. पण ती फक्त एवढंच सांगते की सिकल हिमोग्लोबिन आहे, एएस आहे की एसएस ते ती सांगूच शकत नाही!! त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. म्हणजे वऱ्हांड्यात जी यादी वाचली ती कन्फर्म न झालेल्या रिपोर्टची असू शकते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर ही टेस्ट करूच नये, त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं म्हणून खोटी निगेटिव्ह येते. नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर एचपीएलसीसुद्धा फसवते, तेव्हा रक्त कधी चढवलं ते विचारल्याशिवाय नमुना घेऊ नका असं मी नव्या पोरांना सांगत असतो.

अजून एक, आणि हे फार कमी लोकांना माहीत आहे. मुलगी एएस आणि मुलगा सोल्युबिलिटीत निगेटिव्ह आला म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. तो बीटा थॅलेसेमियाचा वाहक असला तर सोल्युबिलिटीत काहीच दिसत नाही, पण लेकराला सिकल-बीटा थॅलेसेमिया होऊ शकतो आणि तो कधीकधी एसएसइतकाच त्रास देतो. म्हणून लग्नाआधी करायची तर दोघांचीही एचपीएलसीच करा.

तर्कनिष्ठ भाऊ, सक्ती कराल पण एचपीएलसीची मशीन आणि ती चालवणारा माणूस तालुक्याला आहे का ते आधी बघा. सॅम्पल जिल्ह्याला जातं, रिपोर्ट यायला वेळ लागतो, तोवर गावात चर्चा सुरू झालेली असते.

---

सातपुड्यातली_ताई
१५ डिसेंबर, सकाळी ७.२०

मी धडगाव भागात समुपदेशक म्हणून काम केलंय. धानाची_पेंडी, तुम्ही लिहिलंत ते शब्दन् शब्द खरं आहे.

आम्ही पाड्यावर गेलो की आधी रक्त घेत नसू. आधी दोन रंगांच्या बिया घ्यायच्या, काळ्या (सिकलच्या) आणि पांढऱ्या (नॉर्मल) वालाच्या, आईच्या एका मुठीत दोन, बापाच्या एका मुठीत दोन, आणि लेकराला प्रत्येकाकडून एकेक उचलायला लावायचं. दोघांच्याही मुठीत एक काळी एक पांढरी असली तर काय काय जोड्या निघतात ते बायका स्वतः मांडून बघत. चारात एक दोन्ही काळ्या, चारात एक दोन्ही पांढऱ्या, बाकी मिश्र. आणि मुख्य म्हणजे दर वेळी मूठ नव्याने भरायची, हे कळायला वेळ लागतो. "पहिलं पोर आजारी निघालं म्हणजे आता पुढची तीन चांगली" असा समज सगळीकडे आहे, शिकलेल्या लोकांतही आहे. तसं नसतं, प्रत्येक गरोदरपणात धोका तेवढाच, २५ टक्के.

हे सगळं त्यांच्या बोलीत सांगावं लागतं. मराठीतून छापलेलं पत्रक वाटून पावरी बोलणाऱ्या बाईची संमती मिळत नाही, अंगठा तेवढा मिळतो.

आणि अजून एक गोष्ट जी शिबिराच्या अहवालात कधीच येत नाही. लेकरू एएस आणि आई-बाप दोघंही एए असा रिपोर्ट आला तर? आधी लॅबची चूक, नमुन्यांची अदलाबदल धरून पुन्हा तपासायचं. पण पुन्हा तोच आला तर? त्या बाईच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून माझा नियम होता की प्रत्येकाचा रिपोर्ट ज्याच्या त्याच्या हातात, वेगवेगळा बसवून, नवऱ्याचा बायकोला नाही आणि बायकोचा नवऱ्याला नाही, त्यांनी एकमेकांना सांगायचं की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवावं. वरून सांगतात कुटुंबाला एकत्र बसवून रिपोर्ट द्या, वेळ वाचतो. मी ऐकलं नाही कधी.

---

किरण_एसएस
१५ डिसेंबर, सकाळी ९.५५

मी स्वतः एसएस आहे, वय ३१, नागपूर जिल्हा. या विषयावर सगळे बोलतात, आमच्यासारख्यांना क्वचितच कोणी विचारतं म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, एसटीत आम्हाला सवलत आहे. चांगली योजना आहे, महिन्याला दवाखान्याच्या चकरा होतात, पैसे वाचतात. पण भरलेल्या गाडीत कंडक्टरला कार्ड दाखवायचं म्हणजे आजूबाजूच्या चार सीटना कळतं. काहून दाखवतोस, काय झालं तुले, हे लागण होणारं आहे का, इथपासून सुरू होते. धडधाकट दिसतो ना मी, म्हणून दर वेळी सिद्ध करावं लागते. कितीतरी पोरी मी पाहिल्या आहेत ज्या ही सवलत सोडून तिकीट काढतात पण कार्ड पर्समधून बाहेर काढत नाहीत.

दुसरी, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया तिन्ही घेतले. पण सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण ज्या प्रकारांना आहे त्यात आमचे रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे दिव्यांग म्हणून नोंद होते, समाजात ते सांगायचीही चोरी, आणि नोकरीच्या वेळी मात्र आम्ही त्यात बसत नाही. मग दर महिन्याला दोन-तीन दिवस आजारी पडणाऱ्या माणसाला खाजगीत कोण ठेवते?

तिसरी गोष्ट मनाला लागणारी आहे. शिबिरात भाषण असते, असं मूल जन्माला येऊ नये म्हणून काळजी घ्या. मी खाली खुर्चीवर बसलेला असतो. त्यामागचा हेतू मला समजतो, माझ्या आईलाही आधी माहीत असतं तर तिने काय ठरवलं असतं हा तिचा हक्क होता, मी तिला दोष देत नाही. पण आम्ही जे जन्मलो आहोत त्यांचंही बोला ना बा कोणी. तपासणीच्या किट येतात आणि गोळ्यांचा साठा मात्र संपलेला असतो, असे महिने मी काढले आहेत. लहान लेकरांना न्यूमोकोकलची लस, रोजची फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सीयुरिया आणि क्रायसिसमध्ये लवकर मिळणारं दुखणं थांबवायचं औषध, एवढं वेळेवर मिळालं तर एसएसचं माणूस शिकते, लग्न करते, संसार करते. माझं झालं आहे लग्न. बायको एए आहे, आमची मुलगी एएस आहे आणि ठणठणीत आहे.

---

धानाची_पेंडी
१५ डिसेंबर, सकाळी १०.३०

किरण, तुमचा प्रतिसाद मावशीला वाचून दाखवला. ती म्हणाली त्यांना विचार, थंडीत काय करतात.

---

किरण_एसएस
१५ डिसेंबर, सकाळी ११.१०

पाणी. थंडीत तहान लागत नाही म्हणून पिणं कमी होते आणि तिथेच घात होतो. मी एक लिटरच्या बाटल्या भरून ठेवतो, संध्याकाळपर्यंत तीन संपल्याच पाहिजे. आंघोळ दुपारी करतो आणि पायमोजे घालूनच झोपतो. ताप १०१ च्या वर गेला तर मात्र घरी थांबू नका, थेट दवाखाना.

---

न्यूजर्सीकर
१५ डिसेंबर, दुपारी १२.४५

अमेरिकेतून लिहितोय. सक्तीचा जो मुद्दा वर आला त्यावर इथला इतिहास वाचण्यासारखा आहे, कारण हे सगळं इथे ५० वर्षांपूर्वी होऊन गेलंय.

सिकलसेल हा रेणूच्या पातळीवर कळलेला पहिला आजार, १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत एका जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, बस, एवढ्याशा बदलाने ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. आता याच पॉलिंगने, दोन नोबेल मिळवलेल्या माणसाने, १९६८ मध्ये लिहिलं की वाहक असलेल्या प्रत्येक तरुणाच्या कपाळावर गोंदण करावं, म्हणजे दोन वाहक एकमेकांना ओळखतील आणि प्रेमात पडणार नाहीत. दुःख कमी व्हावं हीच त्याची कळकळ होती. पण ज्यांच्या कपाळावर ते गोंदलं गेलं असतं ते जवळजवळ सगळे काळे लोक होते. नंतर ७० च्या दशकाच्या सुरुवातीला बऱ्याच राज्यांनी सक्तीच्या तपासणीचे कायदे केले, ज्यांना काही आजारच नाही अशा वाहकांना नोकरी नाकारली गेली, विम्याचे हप्ते वाढवले गेले, एअर फोर्स अकॅडमीने तर १९८१ पर्यंत वाहकांना प्रवेश दिला नाही. १९७२ चा केंद्रीय कायदा आला त्यात पैसा फक्त ऐच्छिक कार्यक्रमांना देऊ असं घालावं लागलं.

आणि ग्रीसमधलं ऑर्कोमेनोस. तिथे संशोधकांनी अख्ख्या गावाची सिकलसेल तपासणी केली, समुपदेशनही केलं, काही वर्षांनी परत जाऊन पाहिलं तर वाहक कुटुंबांना लोक टाळत होते, म्हणून वाहकांनी आपला रिपोर्ट लपवायला सुरुवात केली होती, आणि वाहक-वाहक लग्नं योगायोगाने जेवढी झाली असती तेवढीच होत होती. म्हणजे बदनामी पदरात पडली आणि उपयोग झालाच नाही.

उपचारांबद्दलही लिहितो. क्रिस्पर (जनुकात नेमका बदल करायचं तंत्र) वापरून केलेला उपचार, कॅसजेवी, ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ ला मंजूर केला. रुग्णाच्याच मूळ पेशी काढून त्यात बदल करून परत घालतात, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार व्हायला लागतं. किंमत २२ लाख डॉलर! शिवाय त्याआधी जबर केमो घ्यावी लागते, मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. भारतात आयजीआयबी या सरकारी जनुकसंशोधन संस्थेने बिरसा मुंडांच्या नावाने 'बिरसा १०१' हा असाच क्रिस्परचा उपचार जाहीर केलाय, सिरम इन्स्टिट्यूटकडे तंत्रज्ञान दिलंय, त्याकडे माझं फार लक्ष आहे. पण ते प्रत्यक्ष गडचिरोलीच्या पोरापर्यंत पोचेपर्यंत चाचण्या, खर्च, ट्रान्सप्लांटच्या सोयी असा लांब रस्ता आहे, तोवर किरण म्हणतात ती गोळीच खरी.

---

नागनदी_मनीष
१५ डिसेंबर, दुपारी ३.०५

न्यूजर्सीकर, काळे लोक म्हणालात तिथे मी थांबलो. आमच्याकडे तेच जातीचं आहे आणि ते इथे लिहायला पाहिजे.

भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरातल्या लोकांत सिकलसेल सापडला, १९५८ मध्ये नागपूर भागातली नोंद प्रसिद्ध झाली ती आमच्या समाजातली. तेव्हापासून आदिवासी आणि दलितांचा आजार असा शिक्का बसला तो बसलाच. मी कॉलेजात असताना वर्गात शिकवताना समाजाचं नाव घेऊन सांगितलं होतं आणि सगळ्यांनी वळून आमच्या बाकाकडे पाहिलं होतं. प्रत्यक्षात विदर्भात कुणबी, तेली आणि इतर ओबीसींमध्येही वाहक आहेत. हे जनुक टिकलं त्याला कारण मलेरिया, वाहकाला फॅल्सिपॅरम मलेरियापासून संरक्षण मिळतं, म्हणून जिथे रान, पाणी आणि डास तिथे ते पिढ्यान् पिढ्या राहिलं. त्यात शुद्ध-अशुद्ध काही नाही. माझ्या आजोबांच्या आजोबांना त्यानेच जगवलं असेल.

जातीतल्या जातीत लग्नं करत राहिलं की प्रत्येक समाजात काही ना काही आजार साचतो, वरच्या म्हणवणाऱ्यांतही. आंध्रातल्या वैश्य समाजात भूल देताना वापरायच्या एका स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाने धोका होतो, कारण ते औषध मोडणारं एन्झाइमच काहींच्या रक्तात कमी असतं. सिंधी, पंजाबी, कच्छी लोहाणा यांच्यात थॅलेसेमियाचे वाहक जास्त. पण त्यांना कोणी त्यांच्या आजारावरून खालचं समजत नाही, आम्हाला समजतात. फरक जनुकात नाही.

म्हणून मला नमुन्यांची काळजी वाटते. जीनोमइंडिया या सरकारी प्रकल्पाने ८३ समाजगटांतल्या सुमारे १० हजार लोकांचे जीनोम, म्हणजे अख्खी जनुकीय माहिती, वाचले, जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी डेटा खुला केला. काम गरजेचं आहे, आतापर्यंत सगळं वैद्यकशास्त्र युरोपियन लोकांच्या जीनोमवर उभं होतं, आपली औषधं आपल्या रक्तावर तपासली गेलीच पाहिजेत. पण रक्त देताना माणसाला पुढे त्याचं काय काय होणार ते सांगितलं होतं का, हे प्रत्येक प्रकल्पात विचारायला पाहिजे. अमेरिकेत हवासुपाई आदिवासींनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीला रक्त दिलं, ते मानसिक आजार, जवळच्या नात्यातली लग्नं, पूर्वज कुठून आले अशा अभ्यासांना वापरलं गेलं. कोर्टात लढून २०१० मध्ये त्यांनी ७ लाख डॉलर आणि स्वतःचं रक्त परत मिळवलं. आमचा माणूस सिकलसेलसाठी बोट पुढे करतो. त्या थेंबातून पुढे अजून काही काढणार असाल तर त्याला पुन्हा विचारा.

---

उल्हासनगरची_आई
१५ डिसेंबर, संध्याकाळी ६.३०

मी सिंधी आहे, मराठी शाळेत शिकले, चुका असतील तर समजून घ्या. मनीष यांनी थॅलेसेमियाचं लिहिलं म्हणून लिहिते.

आम्हा दोघांना आम्ही वाहक आहोत हे मोठा मुलगा सात महिन्यांचा असताना कळलं, तो पांढराफटक पडला तेव्हा. आता दर तीन आठवड्याला रक्त आणि रोज लोह कमी करायचं औषध. दुसऱ्या वेळी मी दहाव्या आठवड्यातच गर्भाची तपासणी करून घेतली. तो रिपोर्ट यायचे दिवस मी घरात सगळ्यांशी नीट बोलत होते आणि रात्री बाथरूममध्ये नळ सोडून बसत होते. त्या तपासणीत गर्भाला थॅलेसेमिया मेजर निघाला, आम्ही ते गरोदरपण तिथेच थांबवलं. त्यानंतर मुलगी झाली, ती वाहक आहे.

माझ्या सासूने विचारलं होतं, मोठ्याच्या आधी कळलं असतं तर त्यालाही नको म्हणाली असतीस का. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही आणि कोणी ते माझ्याकडून मागूही नये. मला एवढंच पाहिजे होतं की निर्णयाच्या वेळी कोणीतरी शेजारी बसून सगळं सांगावं, घाई करू नये, आणि मी जे ठरवेन त्यानंतरही मला तशीच वागणूक मिळावी. ज्या बाईने मूल ठेवायचं ठरवलं तिला दवाखान्यात "माहीत असून केलंत ना" असं ऐकवलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय. त्या मुलालाही रक्त लागणारच आहे, त्याचा काय दोष.

---

तर्कनिष्ठ_पुणे
१५ डिसेंबर, रात्री ८.१५

सगळे प्रतिसाद वाचले. ऑर्कोमेनोसचं माहीत नव्हतं. तरी विचारतो, सगळं ऐच्छिक ठेवलं तर मुलं तपासणी करणारच नाहीत, धागाकर्तीच्या बहिणीच्या केसमध्ये तेच झालं. मग दोघांनाही समान बंधन घालणारा सक्तीशिवाय कुठला मार्ग आहे?

---

वकीलीण_औरंगपुरा
१५ डिसेंबर, रात्री ९.५०

तर्कनिष्ठ, सौदीत २००४ पासून लग्नाआधीची तपासणी सक्तीची आहे, तरी दोघंही वाहक निघालेली कित्येक जोडपी लग्न करतच राहिली, कारण रिपोर्ट मिळायचा तेव्हा पत्रिका वाटून झालेल्या असायच्या. सायप्रसमध्येही बहुतेक वाहक जोडपी लग्न मोडत नाहीत, लग्न करतात आणि गर्भाची तपासणी करून घेतात, ती सोय हाताशी आहे म्हणून ते यशस्वी झालं. तेव्हा वेळ महत्त्वाची. बोलणी सुरू व्हायच्या खूप आधी, कॉलेजच्या वयात, मुलगा-मुलगी दोघांचीही तपासणी व्हावी, आणि रिपोर्ट फक्त त्या व्यक्तीकडे. अल्पवयीन मुलांचे रिपोर्ट शाळेच्या फळ्यावर किंवा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं तर ताबडतोब बंद झालं पाहिजे, हे मी स्वतः पाहिलंय.

कायद्याचं थोडक्यात. जनुकीय माहितीवरून भेदभाव करू नये असा स्वतंत्र कायदा अमेरिकेत २००८ पासून आहे (तोही नोकरी आणि आरोग्यविम्यापुरता, आयुर्विमा त्यात नाही), आपल्याकडे असा कायदाच नाही. २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने एका हृदयरुग्णाच्या विम्याच्या दाव्यात सांगितलं की जनुकीय आजार म्हणून सरसकट विमा नाकारणं हा भेदभाव आहे, पुढे ते सुप्रीम कोर्टात गेलं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आरोग्याच्या किंवा जनुकीय माहितीसाठी वेगळा कडक वर्ग ठेवलेला नाही, मोबाईल नंबर आणि तुमचं सिकलसेल स्टेटस एकाच मापाने मोजलं जातं. धानाची_पेंडी, तुमच्या बहिणीच्या बाबतीत जे झालं त्याची लेखी तक्रार जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे करता येते, नुकसानभरपाई मिळेल असं मी म्हणत नाही पण पुढच्या शिबिरात नावं वाचली जाणार नाहीत. मसुदा हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

धानाची_पेंडी
१५ डिसेंबर, रात्री १०.४०

व्यनि केलाय. बहिणीला विचारूनच करतेय, ती हो म्हणाली. तर्कनिष्ठ, ताई म्हणतात तसं बियांचा खेळ कॉलेजात घेतला आणि रक्त देताना प्रत्येकाला एक नंबर दिला, रिपोर्ट नंबरवर मिळाला, तर अर्धं काम होतं, त्याला कायदा नको आणि फारसा पैसाही नको. आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांशी बोलणार आहे मी याच आठवड्यात.

---

अनामिक_वाशीम
१६ डिसेंबर, सकाळी ६.०५

नवीन आयडी काढून लिहितोय. आम्ही दोघंही एएस आहोत, लग्नानंतर कळलं. बायकोला नववा आठवडा चालू आहे. घरी कोणालाच सांगितलेलं नाही. आता काय करायचं ते सांगा, कृपया इथे कोणी उपदेश करू नका.

---

सातपुड्यातली_ताई
१६ डिसेंबर, सकाळी ६.४०

उपदेश कोणी करणार नाही. दोघांनी मिळून आज-उद्याच जिल्हा रुग्णालयातल्या सिकलसेल कक्षात जा, दोघांचे एचपीएलसी रिपोर्ट सोबत ठेवा आणि गर्भाच्या तपासणीसाठी चिठ्ठी मागा. नागपूरला किंवा मुंबईत परळच्या एनआयआयएच या रक्ताच्या आजारांवरच्या संस्थेत मार्गदर्शन मिळेल. तुमच्या मुलाला आजार नसण्याची शक्यता ७५ टक्के आहे हे आधी बायकोला सांगा, रात्रभर जागी असेल ती. आणि रिपोर्ट काहीही आला तरी पुढचं तिच्याशी बोलून ठरवा, बाकी घराला सांगायची घाई नाही.

---

लॅबवाला_चंद्रपूर
१६ डिसेंबर, सकाळी ७.१५

ताईंनी सांगितलंच आहे, तारखांचं मी लिहितो. वारेचा नमुना घेऊन करायची तपासणी साधारण १० ते १२ आठवड्यांत होते, म्हणजे तुमच्या हातात दिवस कमी आहेत, ती हुकली तर गर्भजल तपासणी १६ व्या आठवड्याच्या सुमारास होते. नोंदणीकृत केंद्रातच करा, पीसीपीएनडीटी कायद्यात (गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा) हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी ही तपासणी स्पष्टपणे मान्य आहे, बायकोची लेखी संमती घेतात, लिंग सांगत नाहीत. दोघांच्याही रक्ताचे नमुने डीएनए तपासणीसाठी सोबत लागतील, तेव्हा तिला एकटीला पाठवू नका, तुम्हीही जा. काही अडलं तर व्यनि करा, मी दिवसभर ऑनलाइन आहे.